भाकरी सोडल्यावर ताकद कुठून येते?

पांडवलेणीच्या पायऱ्या माझ्याबरोबर चढणारे शेजारी मला वरचेवर विचारतात, "काका, भात-भाकरी सोडलीत, मग अंगात ताकद येते कुठून?" तुम्हीही हेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने हा आहार सुरू केला तेव्हा मलाही हीच धास्ती होती.

भाकरीतून मिळणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंना आपला साठा साखर म्हणून रक्तात परत सोडता येत नाही, त्यामुळे रक्तातील साखर सांभाळण्याचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही धरलेले असते. पहिल्याच आठवड्यात वजनकाटा खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे, आणि ती चरबी समजून कोणी हुरळून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

साखर कमी झाली की इन्सुलिन उतरते आणि चरबीच्या पेशी मेदाम्ले, म्हणजे चरबीचे सुटे घटक, रक्तात सोडू लागतात. हृदय आणि स्नायू ती थेट जाळतात. अडचण असते ती मेंदूची, कारण एरवी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खर्चणाऱ्या या अवयवाचे मेदाम्लांवर भागत नाही. तेव्हा यकृत त्या मेदाम्लांपासून कीटोन, म्हणजे मेंदूला चालणारे पर्यायी इंधन, तयार करते, आणि नवल असे की यकृताला स्वतःला ते वापरता येत नाहीत. सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी उठणाऱ्या घरच्या बाईसारखे ते सारे मेंदूला आणि इतर अवयवांना पाठवते. दीर्घ उपवासात मेंदूची सुमारे दोन तृतीयांश गरज कीटोन भागवू शकतात, हे अमेरिकी वैद्यक संशोधक जॉर्ज काहिल यांच्या १९६०च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. तरीही ग्लुकोजची गरज पूर्णपणे कधीच संपत नाही. तांबड्या रक्तपेशींना दुसरे इंधन चालतच नाही, म्हणून यकृत आणि मूत्रपिंडे प्रथिनांतील अमिनो आम्ले, चरबीतील ग्लिसरॉल आणि साखर अर्धवट वापरली गेल्यावर उरणारे लॅक्टेट यांपासून ग्लुकोज घडवत राहतात.

चौथ्या दिवशी मात्र मी निम्म्या पायऱ्यांवरच बसलो होतो, पोटऱ्या दगडासारख्या जड झाल्या होत्या. इन्सुलिन उतरल्यावर लघवीवाटे मीठही जास्त जाते. डॉक्टरांना विचारून मीठ-पाणी वाढवले, तेव्हा बरे वाटू लागले. त्याच आठवड्यात पत्नी म्हणाली, "तुमच्या तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास येतोय." तो वास श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या अ‍ॅसिटोन या कीटोनचा होता. तिसऱ्या आठवड्यापासून मी लेण्यांपर्यंत न थांबता चढू लागलो.

हे ऐकून शेजाऱ्यांनाही दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात करायची होती, पण ते मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. भाकरी कमी करून मात्रा तीच ठेवली तर साखर धोकादायक इतकी घसरू शकते आणि इन्सुलिन मनानेच बंद केले तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. म्हणून मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे, आणि तोवर भाकरी सोडू नका, असे बजावले आहे.