विहीर शाबूत, पाणी गायब : पंचनाम्याचा माझा अनुभव

बोगद्याच्या कामाने आमची विहीर आटली. तिच्या भरपाईसाठीचा अर्ज, सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचं पत्र, तलाठी भाऊसाहेबांची स्थळपाहणी हे सगळं बिनबोभाट झालं, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. घोडं अडलं ते एका कार्यालयातल्या एका टेबलापाशी, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याला. त्या डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचं काम सुरू झालं. सुरुंग उडायचे, मांडणीवरची भांडी वाजायची, त्याचीही सवय झाली. मग एका उन्हाळ्यात बोगद्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी एकामागून एक तळाला गेल्या. आमची विहीर आजोबांनी पाडलेली, 1972 च्या दुष्काळातही जनावरांपुरतं पाणी राखून असलेली. तिच्यात मोटारीचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) उघडा पडला. तिकडे बोगद्याच्या तोंडाशी पंप लावून आतलं पाणी ओढ्यात सोडत होते. ऐन एप्रिलात ओढा वाहतोय, काठावरचा ऊस वाळतोय!

तर ते टेबल. लिपिकाने पंचनाम्याचा छापील नमुना काढला. बहुधा अतिवृष्टीचा असावा, कारण जमीन खरडली, गाळ साचला, असलेच रकाने.

“काका, विहीर पडली का?”

“नाही.”

“खचली? बुजली?”

“बांधकाम खणखणीत आहे.”

“जमीन खचली?”

“नाही.”

“घराला तडे?”

“थोडे आहेत.”

“ते कोयनेच्या भूकंपाचे असतील. मग नुकसान कशाचं लिहू?”

“पाण्याचं.”

“पाण्याला रकाना नाही.”

हा संवाद मी त्या टेबलासमोर पुन्हापुन्हा केला. मधल्या काळात कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल दुसऱ्या शाखेत. एकदा तर पावसाळा तोंडावर आलाय, पाणी आपोआप वर येईल, असा सल्लाही मिळाला. (आलं वर. दिवाळीच्या आत पुन्हा तळाला.) अखेर वरच्या साहेबांनी समजावून सांगितलं की जमीन खचलेली दिसत नाही, त्यामुळे खोदकामाने नुकसान झालं असं म्हणता येत नाही. पाऊस कमी झाला असेल. मला इतका राग आला की एसटी स्टँडवर चहासुद्धा न घेता गाडीत बसलो.

माझे मेहुणे चंद्रपूरकडे कोळसा खाणीत होते. त्यांना फोन केला तेव्हा ही ‘जमीन खचली का’ची भानगड उलगडली. तिकडे भूमिगत खाणीत आधी कोळशाचे खांब ठेवून गाळे काढतात. मग खांबही काढून घेतले आणि पोकळी वाळूने भरली नाही, तर छत कोसळतं आणि वरची जमीन परातीसारखी खोलगट बसते. कडेला जमीन ताणली जाऊन भेगा पडतात, त्यातून विहिरींचं पाणी खाली उतरतं, आणि मधल्या खोलगट भागात उलट पाणी साचून पीक कुजतं. तिथे नुकसान डोळ्यांना दिसतं, फोटोत येतं.

आपल्याकडे कोळसा नाही, काळा पाषाण आहे. त्यात काढलेला बोगदा भक्कम उभा राहतो, वरची जमीन हलत नाही. पण या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या सांध्या-भेगांत. बोगद्याने त्यातला एखादा वाहता सांधा कापला की विहिरीचा झरा वर यायच्या ऐवजी खाली पळतो. म्हणजे विहीर शाबूत, जमीन शाबूत, आणि पिकाचा सत्यानाश. ‘जमीन खचली का’ हा प्रश्न आमच्या डोंगराला लागूच नव्हता.

आता पुरावा कसा उभा केला ते सांगतो. इथे मला थोडा अभिमान वाटतो, वाटू द्या.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्हाभर आहेत. त्यांची पातळी वर्षातून चारदा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास. आमच्या गावाजवळची निरीक्षण विहीर डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, बोगद्यापासून लांब. तिच्या मागच्या काही वर्षांच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागवल्या. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराची मुदत 30 दिवस. कृषी विभागाच्या संकेतस्थळावरून मंडळनिहाय पावसाचे आकडे काढले. पाऊस नेहमीसारखा, निरीक्षण विहीर नेहमीसारखी, फक्त बोगद्याच्या माथ्यावरच्या विहिरी कोरड्या. पाऊस कमी झाला म्हणणाऱ्या साहेबांपुढे हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पूर्वी विहिरीला पाणी होतं हे कशावरून? साखर कारखान्याची ऊस नोंद आणि ऊस बिलं. कोरड्या विहिरीवर कोणी ऊस लावत नाही. ई-पीक पाहणीत सिंचनाचं साधन ‘विहीर’ नोंदलेलं होतं, त्याचा उतारा जोडला. मोटारीची वीजबिलंही जोडली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर मात्र आधी ती लावून घ्या. आमच्या शेजाऱ्यांचा अर्ज तेवढ्यावर मागे पडला.

भूवैज्ञानिक पाहणीला आले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी ओढा पाहिला. त्यांच्या अहवालानंतर लिपिकाने आमच्या पंचनाम्यात ‘शेरा’ या रकान्यात पाण्याचं नुकसान लिहिलं. तोच नमुना, तोच लिपिक! शेऱ्यात लिहिता येत होतं तर इतके दिवस मला कशाला फिरवलं, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. बायकोने बाही ओढली.

पुढचं भराभर झालं. सुनावणीत ठेकेदाराने बोगद्यातलं पाणी ओढ्यात न सोडता पाइपने आमच्या विहिरींत सोडायचं मान्य केलं, एका हंगामाची भरपाईही ठरली. रक्कम मनासारखी नाही, पण पाइप चालू आहे. बोगद्याचं अस्तर पूर्ण झाल्यावर आत झिरपणं थांबेल आणि पाइपही. झरे परत वर येतात का ते तेव्हा कळेल, म्हणून ठरलेल्या गोष्टींत ‘काम संपल्यानंतर फेरपाहणी’ असं लिहून घेतलंय.

तुमच्याकडे असं काम येणार असेल तर सुरुंग उडायच्या आधी पातळी मोजायला लागा. रात्रभर मोटार बंद ठेवून सकाळी कठड्यावरून टेप सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली काढायची, नाहीतर तुमचा आकडा सरकारी आकड्याशी जुळत नाही. सरपंच किंवा पोलीस पाटलांची सही घेतली तर उत्तम.

ओढ्याचा व्हिडिओ काढताना त्या दिवशीचा पेपर कॅमेऱ्यासमोर धरा. आणि हो, प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. “ठेवून जा, बघतो” म्हटलं तरी टेबल सोडायचं नाही.