छोटी जोडी आणि समोरचे दोन एक्के

पोकरच्या नो-लिमिट होल्डेम प्रकारात (दोन पत्ते हातात, पाच टेबलावर सगळ्यांचे सामाईक) दुर्रीपासून छक्कीपर्यंतची एखादी जोडी हातात आली की आता मला मनापासून वाटतं, समोरच्याकडे राजा-राजा किंवा एक्का-एक्का असू दे. हे ऐकायला उलटं वाटतं. मलाही ते पटायला वेळ लागला आणि पटलं ते वही-पेन घेऊन आकडे मांडल्यावरच.

हातात पंजीची जोडी असेल तर न दिसलेल्या ५० पत्त्यांत आणखी दोनच पंज्या उरतात. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर एकदम उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत त्यातली निदान एक येण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा सेट (एकाच किमतीचे तीन पत्ते) लागतो. बाकी वेळा आपली जोडी बोर्डावरच्या, म्हणजे टेबलावर उघडलेल्या, मोठ्या पत्त्यांखाली दबलेली असते. फ्लॉपआधीच सगळ्या चिप्स आत गेल्या तर चित्र आणखी वाईट. मोठ्या जोडीसमोर छोटी जोडी जेमतेम १८-१९ टक्के वेळा जिंकते. वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजासमोर दुर्रीची जोडी किंचित पुढे असते, ५२-५३ टक्के. फार तर नाणेफेक, नाहीतर बुडीत खातं. त्यामुळे भरपूर चिप्स असताना या जोड्यांवर फ्लॉपआधी मोठा पॉट (मध्ये जमा झालेल्या चिप्स) उभा करायचा नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं.

मग या जोड्या खेळायच्या कशासाठी? समोरच्याच्या पुढ्यात अजून पडून असलेल्या चिप्ससाठी. कॉल करताना, म्हणजे त्याने लावल्या तेवढ्या चिप्स भरताना, मी आधी त्याचा आणि माझा स्टॅक (पुढ्यातल्या एकूण चिप्स) पाहतो. दोघांत जो लहान, तोच खरा. तो कॉलच्या निदान १५ पट हवा, २० पट असेल तर उत्तम. सेट न लागण्याची बाजू साडेसातास एक आहे, मग १५ पट कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. पण सेट लागला की दरवेळी समोरच्याचा सगळा स्टॅक मिळतो असं नाही. कधी त्याला काहीच लागलेलं नसतं आणि तो पहिल्याच बेटला पत्ते टाकतो. कधी सेट लागूनही आपण हरतो. ती सगळी तूट भरून काढायला जास्तीचं अंतर लागतं.

आणि इथेच समोरच्याचा हात भक्कम असण्याचं मोल कळतं. एक्का-राणीवाला साधारण तीनातल्या दोन फ्लॉपला कोरा राहतो, त्याच्याकडून काय मिळणार? दोन एक्केवाला मात्र पत्ते सहजासहजी सोडत नाही.

एक हात मला पत्त्यांसकट आठवतो. मी बटणवर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवर होतो, हातात इस्पिक आणि चौकटची पंजी. टेबलावरच्या सगळ्यात सावध खेळाडूने पहिल्या जागेवरून रेज केला, म्हणजे बेट वाढवून ३ ब्लाइंड केली (ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधीची सक्तीची बेट). दोघांकडे १०० ब्लाइंड होते. मी कॉल केला, बाकीच्यांनी पत्ते टाकले, सक्तीचे दीड ब्लाइंड धरून पॉट साडेसात ब्लाइंडचा झाला. फ्लॉप आला बदामचा राजा, किलवरची पंजी, इस्पिकची दुर्री. त्याने ५ ची बेट लावली. अशा वेळी नुसता कॉल करून दबा धरून बसायचा मोह होतो. पण हिशोब वेगळंच सांगतो. नुसते कॉल करत गेलो आणि तो प्रत्येक फेरीला पॉटच्या दोन-तृतीयांश बेट लावत राहिला, तरी रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) आपले मिळून जेमतेम अर्धाच स्टॅक आत जातो. म्हणून मी १५ चा रेज केला. त्याने कॉल केला, पॉट साडेसदतीस. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, नव्वी आली, त्याने चेक केलं (बेट न लावता पाळी पुढे दिली), मी २५ लावले, पुन्हा कॉल. आता पॉट साडेसत्त्याऐंशी आणि मागे ५७. रिव्हरला सत्ती पडली. मी सगळं आत ढकललं, त्याने बराच विचार करून कॉल केला आणि दोन एक्के उघडले. फ्लॉपवर त्याला वाचवू शकणारे एक्के दोनच उरले होते. पॉट वाढवायला सुरुवात फ्लॉपलाच केली नसती, तर रिव्हरला ५७ ची बेट मावलीच नसती.

सेट न लागलेल्या फ्लॉपवर मी फार रेंगाळत नाही. छक्कीची जोडी आणि बोर्डावर ९-४-२ असेल तर एक बेट कॉल करतो, कारण एक्का-राणीसारखे कोरे हातही तिथे बेट लावतात. चौक्यांची जोडी आणि बोर्डावर राजा-राणी-अठ्ठी असेल तर लगेच पत्ते टाकतो. टर्नला सेट लागण्याची शक्यता फक्त ४ टक्क्यांच्या आसपास असते, तिच्यासाठी पैसे मोजणं मला पटत नाही.

थ्री-बेटच्या वेळी, म्हणजे आपल्या रेजवर पुन्हा रेज आला की, खरी कसोटी लागते. मी ३ ब्लाइंडवर उघडलं आणि समोरून १० आले, तर आणखी ७ भरायचे आणि मागे ९० उरतात. कॉलच्या जेमतेम तेरा पट. दिसायला जवळ आहे, पण पोझिशन (समोरच्यानंतर खेळण्याची जागा) नसेल तर मी सोडतो. दोघांकडे २०० ब्लाइंड असतील तर तोच कॉल आनंदाने करतो, तोही समोरचा फक्त भारी हातांनीच थ्री-बेट करणारा असेल तर. जो कशावरही थ्री-बेट करतो त्याच्याविरुद्ध सेट लागूनही फारसं हाती लागत नाही. हा फरक ओळखणं मला सगळ्यात अवघड गेलं आणि आजही मी सगळ्यात जास्त लक्ष त्यावरच देतो.

टूर्नामेंटमध्ये स्टॅक २० ब्लाइंडच्या खाली आला की सेटची वाट पाहणं बंद. तिथे छोटी जोडी असेल तर आपणच आधी ऑल-इन करायचं, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या, किंवा सोडायचं. ऑल-इन करणाऱ्याला समोरच्याने पत्ते टाकण्याचीही आशा असते, कॉल करणाऱ्याला ती नसते.

सेटवर मोठा सेट लागण्याची भीती अनेकजण बोलून दाखवतात. दोघांकडे वेगवेगळ्या जोड्या असताना फ्लॉपलाच दोघांना सेट लागण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. माझ्या तिर्रींच्या सेटवर नव्वींचा सेट आलेला आहे आणि पूर्ण स्टॅक गेला आहे. पुढच्या वेळी तिर्रींचा सेट लागला, तेव्हाही मी फ्लॉपलाच रेज केला.