प्रवासाची चपाती

एका जुलै महिन्यात मुलीला भेटायला कुडाळहून मुंबईला निघाले, तेव्हा पहाटे उठून चौदा चपात्या केल्या आणि गाडी चुकेल या धास्तीने त्या तव्यावरून उतरतील तशा थेट स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले. सासूबाई चुलीपाशी बसून हे सारे पाहत होत्या. “गरम गरम डब्यात भरू नको गो, घाम सुटतलो,” असे त्या म्हणाल्या, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. दुपारी रत्नागिरी मागे पडल्यावर डबा उघडला, तर वरच्या तीन-चार चपात्या झाकणावरून गळलेल्या पाण्याने लिबलिबीत झालेल्या आणि तळच्या एकमेकींना अशा चिकटलेल्या, की सोडवताना त्यांचे तुकडेच हातात आले. मधल्या तेवढ्या खाण्याजोग्या राहिल्या होत्या. (आमच्याकडे पोळी म्हटले की पुरणाची किंवा गुळाची, रोजची ती चपाती. पुण्याकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे, की प्रवासाची चपाती ही घरच्या चपातीतून उरलेली असून चालत नाही. ती मुळातच वेगळी भिजवावी, वेगळी भाजावी आणि वेगळी निववावी लागते. चांगल्या डब्यावर पैसे खर्च करून हे काम होत नाही. मी तेही करून पाहिले आहे.

चपाती कडक होते ती केवळ पाणी उडून गेल्यामुळे, असे आपण समजतो, परंतु ते अर्धेच खरे आहे. कणकेतला स्टार्च तव्याच्या उष्णतेने पाणी शोषून फुगतो व मऊ होतो, आणि चपाती निवू लागली की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट रचना धरू लागतात. त्यातला अमायलोज नावाचा भाग काही तासांतच घट्ट होतो, अमायलोपेक्टिन या दुसऱ्या भागाला त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच हवाबंद डब्यात, पाण्याचा थेंबही न गमावता ठेवलेली चपातीसुद्धा दुसऱ्या दिवशी वातड लागते. ही क्रिया सर्वांत वेगाने घडते ती फ्रिजच्या थंडाव्यात. रात्री भाकऱ्या करून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी प्रवासाला न्याव्यात, हा सोयीचा वाटणारा बेत मी एकदा केला होता. पुण्याला पोचेपर्यंत त्या भाकऱ्यांची अक्षरशः ठिकरी झाली होती.

यावरचा पहिला उपाय परातीतच करायचा असतो. रोज चार वाट्या कणकेला मला साधारण दीड वाटी पाणी लागते. प्रवासासाठी मी पाव वाटी अधिक घालते, दोन चमचे तेल कणकेला आधी चोळून घेते आणि मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास ठेवते, कारण कणकेतल्या कोंड्याला पाणी पिण्यास वेळ लागतो. हा अर्धा तास वाचवला, तर तोच कोंडा पुढे प्रवासात चपातीतले पाणी ओढून घेतो. सैल कणीक लाटायला त्रासदायक असते, हाताला चिकटते आणि मग आपण पीठ लावत सुटतो. पण ते वरचे कोरडे पीठ तव्यावर करपते व चपाती रखरखीत करते, म्हणून पिठी शक्य तितकी कमी लावावी आणि भाजण्यापूर्वी झटकून टाकावी. घडीची चपाती प्रवासाला अधिक चांगली, कारण पदरांमधल्या तेलामुळे वाफ आत कोंडून राहते. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर रेंगाळलेली चपाती भाजून होईपर्यंतच वाळलेली असते.

दीड दिवसाचा पल्ला असेल तर पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून दशम्या करते. दुधातल्या स्निग्धांशाने आणि साखरेने त्या मऊ राहतात व किंचित गोडसरही लागतात. पूर्वी सोवळे पाळणाऱ्या घरांत पाणी न घातलेली म्हणून दशमी प्रवासात चालत असे; नियम सोवळ्याचा असला तरी त्यातून सोय मात्र मऊपणाची झाली. मे महिन्याच्या उकाड्यात मी त्यांच्यावर दीड दिवसापलीकडे विश्वास ठेवत नाही.

तांदळाच्या भाकरीची गोष्ट निराळी आहे, आणि कोकणातल्या माणसाला ती सोडवत नाही. तांदळात गव्हासारखे ताणले जाणारे ग्लुटेन नसते, म्हणून पीठ थंड पाण्यात भिजवले तर भाकरी तव्यावरच चिरते. एक वाटी पाण्याला एक वाटी पीठ या मापाने मीठ व चमचाभर तेल घालून उकड काढावी, झाकून दहा मिनिटे वाफेत मुरू द्यावी आणि हाताला सोसेल इतकी गरम असतानाच पाण्याचा हात लावत खूप मळावी. तांदूळ कोणता, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ज्याचा भात मोकळा, सुटसुटीत होतो त्या तांदळात अमायलोज जास्त असते आणि त्याची भाकरी लवकर ताठरते. किंचित चिकट भाताच्या तांदळाची भाकरी अधिक वेळ वाकते. तरीही सहा तासांपुढे तांदळाची भाकरी नेण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. घावणे आणि आंबोळी तर चुलीजवळ बसूनच खावीत. त्यापेक्षा वडे न्यावेत. तळलेले असल्याने ते दिवसभर निश्चिंत राहतात आणि गाडीत शेजाऱ्याला देतानाही संकोच वाटत नाही.

आता निववण्याविषयी. तांदूळ धुण्याची बांबूची रोवळी पालथी घालून तिच्यावर स्वच्छ सुती पंचा पसरावा आणि चपाती तव्यावरून त्यावर टाकावी. रोवळीच्या फटींतून खालची वाफ निघून जाते, ताटात ठेवल्यावर तळाला जसे पाणी साचते तसे साचत नाही. वर तूप किंवा तेलाचा हलका हात फिरवावा. दोन-तीन मिनिटांत ती कोमट झाली की आधीच्या चपातीवर रचावी. पूर्ण गार होईपर्यंत उघडी ठेवली तर कडा वाळतात, म्हणजे उतावीळपणा जितका वाईट तितकीच दिरंगाईही वाईट. सगळी चळत कोमट असताना त्याच पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवते. सुती कापड उरलीसुरली वाफ पिते, त्यामुळे झाकणाला घाम सुटला तरी तो चपातीवर गळत नाही. चांदीसारख्या चमकणाऱ्या फॉइलला हे जमत नाही, ती वाफ आतच कोंडते. फॉइल वापरायचीच असेल तर कापडाच्या बाहेरून गुंडाळावी. केळीचे पान मात्र आचेवर फिरवून नरम केले की तळाला आणि वर घालायला उत्तम.

पावसाळ्यात दोन गोष्टींची भर पडते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात, म्हणून शिदोरी नेहमीपेक्षा एका जेवणाने वाढवून घ्यावी. शिवाय हवेतच इतका ओलावा असतो, की बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. ओल्या नारळाची चटणी अशा वेळी डब्यात नकोच. सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी आणि पाण्याचा अंशही न उरलेली बटाट्याची भाजी न्यावी, तीही वेगळ्या डबीत.

मुंबईला पोचल्यावर उरलेल्या चपात्यांवर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून तव्यावर मिनिटभर गरम केल्या की त्या पुन्हा मऊ होतात, कारण उष्णतेने स्टार्चची ती घट्ट रचना मोडते. मात्र त्या लगेच खाव्या लागतात, कारण निवल्या की पूर्वीपेक्षा अधिक कडक होतात. माझी मुलगी एवढा वेळ थांबत नाही. ती त्या कुस्करून मोहरी, मिरची, कांदा घालून फोडणीला टाकते, आणि मी जाणूनबुजून दोन जास्त नेते हे तिला ठाऊक आहे.