'मेंढपाळ'वर थांबणं

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मी कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, सांभाळतो. गेल्या महिन्यातल्या एका मयताच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) 'आहे' हा शब्द डोक्यातून जात नाही.

बायबलमधलं स्तोत्र २३ होतं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." हीच ओळ प्रतिसादाची, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर सगळ्यांनी म्हणायची. मी ती ग्रेगोरियन गायनातल्या, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनातल्या, आठव्या स्तोत्रचालीवर बसवली आहे. या चालींत ओळ कितीही लांब असो, मधली अक्षरं एकाच स्वरावर म्हणायची आणि टोकाला वळण घ्यायचं. तो स्वर 'सा' धरला तर उठाव प-ध-सा, अर्ध्या ओळीवर रे-सा, शेवटी नी-सा-ध-प. आघात 'रे'वर आणि 'ध'वर. शेवटचं वळण मराठीत असं बसतं की अंगावर काटा येतो: पड-णार-ना-ही. मधलं मात्र मला छळतं. 'मेंढपाळ' सपाट निघून जातो आणि सगळा मान 'आहे'च्या 'आ'ला मिळतो. चर्चने मंजूर केलेल्या पाठातला शब्द गाळायचा अधिकार मला नाही.

त्या दिवशी वारलेल्या बाईंचे यजमान पुढच्या बाकावर होते. वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी लॅटिन मिस्सात गायलेले. आम्ही 'आहे'वर उतरलो, ते 'मेंढपाळ'वर, वरच्या 'रे'लाच थांबले. मग अर्ध्या ओळीनंतरची शांतता त्यांनी पूर्ण पाळली. आमच्या कीबोर्डवाल्याने तिथे कॉर्ड भरली होती. या मुलांना शांतता म्हणजे चूक वाटते. दुसऱ्या वेळी मी त्याला हात उचलायला लावला. तिसऱ्या वेळी त्यांच्या बाकावरचे सगळेच 'मेंढपाळ'वर थांबले. समोर शवपेटी.

दफन झाल्यावर मी विचारलं, "बाबा, 'आहे' का सोडलंत?"

"अरे, लॅटिनमध्ये हीच ओळ 'दोमिनुस रेजित मे'. 'मे' एकच अक्षर, मग खाली कशाला उतरायचं? मास्तर वरच थांबवायचे."

हा नियम मला माहीत होता. अर्धी ओळ एकाक्षरी शब्दावर किंवा दाविद, सियोन अशा हिब्रू नावावर संपली, तर वळण वरच तोडायची जुनी मुभा आहे. वीस वर्षं शिकवतोय, पण एका दमात म्हटल्या जाणाऱ्या 'पाळ'चा भार ती मुभा मागतोय हे मला कधी ऐकू आलं नाही.

तालमीच्या कागदावर 'आहे'भोवती पेन्सिलीने गोल केलाय. रविवारच्या आधी फादरांना विचारायचं आहे.