तुम्ही विचारलंत म्हणून : मुलीला बी.एड.ला घालू का?

बी.एस्सी.चे निकाल लागले की हा प्रश्न येतोच. कधी इंदूरच्या रामबागेत एखाद्या कार्यक्रमानंतर, कधी राजेंद्र नगरात हळदीकुंकवाला, कधी फोनवर. "ताई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत आहात. आमच्या मुलीला बी.एड.ला घालू का?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य तयार असतं : "मुलींसाठी बरी नोकरी आहे. दोनला घरी, आणि मुलांना सुट्टी तेव्हा आपल्यालाही सुट्टी." उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी इंदूरच्या खाजगी शाळांमध्ये गणित शिकवत आले आहे. ते काम मला आजही मनापासून आवडतं. ऋण संख्यांपाशी महिनाभर अडलेला सातवीतला मुलगा एक दिवस स्वतः फळ्यापाशी येऊन गणित सोडवतो, तेव्हा होणारा आनंद मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळाला नसता. त्यामुळे "नको घालू" असं मी कुणाला सांगणार नाही. पण बाकीचंही ऐकून घ्या.

आधी ते दोन वाजताचं बघू. दोनला मुलं सुटतात, बाई सुटत नाहीत. बस ड्यूटी असते, उद्याचा लेसन प्लॅन लिहायचा असतो, मीटिंग असते. गैरहजर बाईंच्या तासावर अरेंजमेंटमध्ये गेल्यामुळे मोकळे तास हातचे गेलेले असतात. चार तुकड्या, प्रत्येकीत चाळीसच्या वर मुलं, प्रत्येकाची एक वर्गाची वही आणि एक घरची. एका फेरीला तीनशेच्या वर वह्या होतात, त्या घरी येतात आणि रात्री जेवणं झाल्यावर तपासल्या जातात. परीक्षा संपल्यावर रिपोर्ट कार्ड, आणि उन्हाळ्यात काही शाळा बाईंना कॉलनीत घरोघरी ॲडमिशनचे पत्रक घेऊन पाठवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास लिहिले आहेत, आणि घरच्या तयारीसकट ते मोजले आहेत. कायद्याच्या लेखी ही पूर्ण वेळची नोकरी आहे. अर्ध्या दिवसाची ती फक्त आपण समजतो.

पगाराचं म्हणाल तर कॉलनीतल्या दुमजली घरात चालणाऱ्या शाळांत 6-7 हजारांवर शिकवणाऱ्या मुली मी आजही बघते. दोन वर्षांचं बी.एड. करून, त्याची फी भरून. बायपासकडच्या मोठ्या शाळांत आकडा मोठा असतो, पण तिथे कागदावरचा आकडा आणि हातातला आकडा एकच असेल याची खात्री नाही. सीबीएसईची मान्यता हवी तर राज्य सरकारच्या शिक्षकांइतकं वेतन दिलं पाहिजे, असं मंडळाच्या नियमांत आहे. तेवढं द्यायचं नाही आणि मान्यता तर ठेवायची. त्यावर काढलेली युक्ती मी जवळून पाहिली. माझ्या एका जुन्या शाळेत रुजू होतानाच नव्या बाईंचं बँकेत खातं उघडलं जाई, आणि चेकबुक हातात पडायच्या आधी त्याच्या पानापानावर सह्या घेऊन ते अकाउंटंटच्या लोखंडी कपाटात जाई. पगार खात्यात पूर्ण जमा व्हायचा. दोन दिवसांनी त्यातला निम्म्याहून जास्त भाग निघून जायचा. विज्ञानाच्या एक बाई पासबुक भरून आणायच्या आणि स्टाफरूममध्ये बोट ठेवून दाखवायच्या : ही जमा, ही खाली खर्ची. पुढे त्याच जमा रकमेच्या आधारावर त्या घराच्या कर्जासाठी बँकेत गेल्या, तर बँकेने त्याच पासबुकात खालच्या खर्चीच्या नोंदीवर बोट ठेवलं. कर्ज मिळालं नाही.

पुण्या-नागपूरचे नातेवाईक हे ऐकून म्हणतात, "मग ट्रायब्युनलमध्ये जा की." त्यांच्याकडे 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे, काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. तो महाराष्ट्राचा कायदा, तो आमच्या कामाचा नाही. मध्य प्रदेशात खाजगी शाळांच्या फीसाठी 2017 चा कायदा आहे. 25 हजारांहून जास्त वार्षिक फी घेणाऱ्या शाळेला ती वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची तर जिल्हा समितीपुढे जावं लागतं. तो पालकांच्या आरडाओरड्यामुळे झाला, आणि चांगलंच झालं. पण भरलेल्या फीतून वर्गात उभ्या असलेल्या बाईंना किती मिळतं, हे पालकसभेत एकाही पालकाने प्राचार्यांना विचारलेलं मी ऐकलं नाही.

कामगार न्यायालयाचीही वाट बंद राहिली. 1988 मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'कामगार' ठरत नाही, शिकवणं हे व्रतासारखं, उदात्त काम आहे. 1996 मध्ये हरियाणातल्या शाळांच्या प्रकरणात शिक्षक किमान वेतन कायद्याच्याही बाहेर राहिले. इतका मान देऊन कुणाला कायद्याच्या दाराबाहेर ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

एक लढाई मात्र आपण जिंकलो, आणि ती प्रत्येक बी.एड. करणाऱ्या मुलीला माहीत असायला हवी. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या खटल्यात सांगितलं की शिक्षक 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातले 'कर्मचारी' नाहीत. मग संसदेने 2009 मध्ये व्याख्याच बदलली, आणि तीही 3 एप्रिल 1997 पासून मागे लागू करून. खाजगी शाळांचे संघ त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. हिशेब सोपा आहे. शेवटच्या पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. 20 हजार पगारावर 18 वर्षं काढलेल्या बाईंचे दोन लाखांच्या वर होतात. कायम नोकरीत त्यासाठी सलग पाच वर्षं भरावी लागतात, आणि नेमकी तिथेच शाळा मेख मारतात. दर 30 एप्रिलला राजीनामा लिहून घ्यायचा, जूनच्या मध्यात नवं नियुक्तिपत्र द्यायचं. मे-जूनचा पगार वाचतो आणि कागदावर नोकरीही तुटते.

आता मला खरं सांगायचंय ते. हे सगळं शाळा एकट्याने करत नाहीत. मुलाखतीत मला विषयाचे दोन प्रश्न विचारले गेले आणि तिसरा : "मिस्टर काय करतात?" नोकरीला आहेत म्हटल्यावर समोरचे गृहस्थ निवांत झाले, आणि पगाराचा आकडा त्यानंतर सांगितला. माझ्या पगाराचा आधार माझं गणित नव्हतं, नवऱ्याची नोकरी होती. गणिताचे पुरुष शिक्षक चार वर्षांत भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये निघून जातात, कारण त्यांच्या घरी त्यांना विचारलं जातं, "एवढ्यात भागणार कसं?" आमच्या घरी काय म्हणतात? "स्कूटीचं पेट्रोल सुटलं तरी पुरे." "बसून राहण्यापेक्षा बरं." शाळेच्या मालकाला हे पक्कं ठाऊक आहे. आपण ज्या नोकरीला सोयीची म्हणतो, तिच्या सोयीची किंमत तो पगारातून आधीच वळती करून घेतो.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या, आम्ही स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर शिकवलं, आणि पगार अर्ध्यावर आला. तेव्हाही एकच उत्तर मिळालं : "तुमच्या घरी कमावणारे आहेत ना." ज्यांच्या घरचं दुकान बंद होतं, ज्यांच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतंच, त्या बाईंनाही हेच ऐकवलं गेलं.

तर घाला तिला बी.एड.ला, तिला शिकवायची ओढ असेल तर. सोयीसाठी म्हणून मात्र घालू नका. ज्या दिवशी घरात "तुझ्या पगाराची आपल्याला काय गरज" असं कुणी म्हणेल, त्या दिवशी तिची भाव करायची ताकद तुम्हीच काढून घेतलेली असेल. मुलाखतीला जाताना तिला सांगा की मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, जमा करायची नाहीत. 'सिक्युरिटी' म्हणून पहिला पगार कापणार का, ते आधी विचारायचं. पगार बारा महिन्यांचा की दहा, हे नियुक्तिपत्रात लिहून घ्यायचं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर शाळेला पीएफ लागू होतो, तेव्हा यूएएन, म्हणजे पीएफचा आपला कायमचा नंबर, मागायचा आणि दर महिन्याला मोबाइलवर पासबुक उघडून बघायचं. चेकबुक स्वतःच्या कपाटात. नवऱ्याच्या नोकरीबद्दल विचारलं तर शांतपणे म्हणायचं, "सर, माझ्या विषयाबद्दल विचारा."

तिच्या ओळखीतली कुणी आधीच नोकरीत असेल, एकाच शाळेत चार-साडेचार वर्षं झाली असतील आणि एप्रिलअखेर तिच्यापुढे छापील राजीनामा ठेवला जात असेल, तर त्यावर सही करायच्या आधी तिला माझ्याकडे पाठवा. जुनी नियुक्तिपत्रं, पासबुक आणि हजेरीचे फोटो जे असेल ते घेऊन यायला सांगा.