रिकॉलनंतर गाडीत येणारा पेट्रोलचा वास

कंपनीने इंजिनाला पेट्रोल पुरवणारा फ्युएल पंप बदलण्यासाठी आमची गाडी परत बोलावली आणि नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने ते काम विनामूल्य केले; मात्र त्यानंतर टाकी पूर्ण भरून कसारा घाट उतरत असताना गाडीत पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, जो पूर्वी कधीच आला नव्हता.

पुष्कळ गाड्यांत हा पंप टाकीच्या आत असतो आणि मागचे सीट उचलून, त्याखालचे झाकण काढून तो बदलावा लागतो. पंप बसवतात त्या टाकीच्या तोंडावरची रबरी सील नीट बसली नाही, तर टाकी अर्धी असताना काहीच जाणवत नाही, पण काठोकाठ भरली की पेट्रोल तेथून पाझरू लागते. आमच्या गाडीतली सील एका बाजूला मुडपली होती आणि तिच्याभोवतीची धूळ ओली होऊन काळी पडली होती. यातून आगही लागू शकते, म्हणून मला याची फार चीड आली.

हा नवा दोष असून खर्च वेगळा पडेल, असे सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आले. मला ते मुळीच पटले नाही. जुने जॉब कार्ड (केलेल्या कामाची सर्व्हिस सेंटरची नोंद) आणि सीलचे फोटो जोडून मी लेखी तक्रार दिली. सदोष काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तिची तक्रार नोंदवता येते, हेही त्यात नमूद केले. त्यानंतर सील मोफत बदलण्यात आली. टाकी पूर्ण भरून माझ्यासमोर तपासणी होईपर्यंत मी गाडी ताब्यात घेतली नाही.