शाळेतला बाक, इतवारीतला बट्टा

शाळेचा सुवर्णमहोत्सव म्हटल्यावर डोळ्यांपुढे आधी वर्गातला बाक येतो, म्हणून पैशाच्या व्यवहारातल्या शब्दांची ही गोष्ट बाकापासूनच सुरू करतो. हा शब्द पोर्तुगीज 'बांको'वरून आला. बांको म्हणजे बसायचं लांब फळकुट. इटलीतले नाणी बदलून देणारे व्यापारी बाजारात अशाच फळकुटावर आपला व्यवहार मांडून बसत. पुढे त्या फळकुटाचं नाव धंद्याला पडलं आणि तोच शब्द युरोपभर फिरून आपल्याकडे 'बँक' म्हणून आला. नागपूरच्या रिझर्व्ह बँक चौकातली बँक आणि वर्गातला बाक मुळात एकाच घरचे आहेत.

आपल्याकडे नाणी बदलण्याचं हे काम सराफ करत. अरबीत सराफ म्हणजे नाणी बदलून देणारा; दागिने विकणारा हा अर्थ नंतरचा. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या सराफ्यात आज सोनं मिळतं, पण शब्दाचं मूळ काम वेगळं होतं. नागपूरकर भोसल्यांचा रुपया, पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, अशी निरनिराळ्या टाकसाळींची नाणी बाजारात फिरत. कुठल्यात चांदी कमी, कुठलं झिजलेलं. सराफ तोलून, पारखून जेवढी तूट निघेल तेवढी रक्कम कापून घेई. तोच बट्टा. हिशेब पाहा: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या 96 गुंजा. तोळाभर वजनाचा रुपया एक गुंज झिजला, तर शंभर रुपयांमागे रुपयाहून थोडं जास्त नुकसान. नाव नागपूरचं असो की पुण्याचं, छाप तोच राहतो आणि किंमत मात्र उतरते. 'नावाला बट्टा लागला' हे आपण माणसाबद्दल म्हणतो, ते या कापलेल्या रकमेवरून. मला हा मराठीतला फार नेमका वाक्प्रचार वाटतो.

कसोटीही याच दुकानातली. हा बारीक पोताचा काळा दगड. संस्कृतात कष म्हणजे घासण्याचा दगड, आणि 'कषपट्टिका'ची झाली कसोटी. दागिना दगडावर घासून रेघ उमटवायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, थेंब सोडायचा. हलक्या सोन्याची रेघ विरते, चांगल्याची टिकते. चुका दोन ठिकाणी होतात. दगड तेलकट असला तर रेघ नीट बसत नाही. आणि दागिना नुसता मुलामा दिलेला असेल तर वरचं सोनं पास होतं, आतलं तांबं कळतच नाही. म्हणून आधी कानशीने एक बारीक खाच पाडून तिथे घासतात. नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर आपण 'कसोटी सामना' पाहतो, तो या दगडाच्या नावाने. आणि इंग्रजी 'टेस्ट' हा शब्दही सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या भांड्यावरून आलेला! मराठी नाव ठेवणाऱ्याने इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. जोड मात्र तंतोतंत बसली.

व्याज या शब्दाजवळ थोडं थांबायला हवं. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. म्हणून तर मराठीच्या तासाला 'व्याजस्तुती' अलंकार येतो आणि 'निर्व्याज प्रेम' म्हणजे बिनव्याजी कर्ज नव्हे, तर ज्यात कावा नाही असं प्रेम. गणिताच्या तासाला तोच शब्द सरळव्याज होऊन भेटतो: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. इथे मुलांनी एक जपावं. गावात कुणी 'दोन टक्क्यांनी' पैसे देतो तेव्हा दर बहुधा महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला 24 टक्के. सरळव्याजानेही 50 महिन्यांत रक्कम दुप्पट होते. जुन्या हिंदू कायद्यातला दामदुप्पटीचा नियम नेमका इथेच आडवा येई: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. त्यातला 'दाम' हा संस्कृत 'द्रम्म', आणि द्रम्म म्हणजे ग्रीकांचं द्राख्मा नाणं. दमडीही त्याच घरातली लेक.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. पगार पोर्तुगीज, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. खिसा फारसी, मूळ अर्थ थैली. होन कन्नड 'होन्नु'वरून, म्हणजे सोनं. चिल्लर दक्षिणेकडून आली. हप्ता फारसी 'हफ्त'वरून, म्हणजे सात. म्हणून हप्ता म्हणजे आठवडा. घराच्या कर्जाचा 'मासिक हप्ता' भरताना आपण शब्दशः महिन्याचा आठवडा भरत असतो.

आणि आणे, म्हणजे रुपयाचे सोळावे भाग. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, तेव्हा आण्याचे सव्वासहा पैसे पडले. सव्वासहाचं नाणं कसं देणार? म्हणून एका आण्याला 6, दोनला 12, तीनला 19 आणि चारला 25 पैसे असा कोष्टकात मेळ घातला. एक-एक आणा तीनदा सुटा दिला तर 18 पैसे, एकदम तीन आणे दिले तर 19. चार आण्यांचं नाणं 30 जून 2011 नंतर चलनात राहिलं नाही. इतवारीत मात्र आजही काम 'बारा आणे' झालेलं असतं आणि गोष्ट 'सोळा आणे' खरी असते.